'अज्ञान' मुलाला सगळं ठाऊक असतं

मागच्या वर्षी गणपती उठल्यावर आठवड्याभरात माझ्या आतेभावाने मला एक फाईल पाठवली. त्याचा आणि वहिनीचा तीन वर्षांचा व्हॉट्सॲप चॅट, एक्स्पोर्ट केलेला. खाली व्हॉइस नोट : "तू कॉम्प्युटरवाला आहेस. पोरीबद्दलचे मेसेज तेवढे वेगळे काढ आणि तारखेनुसार लावून दे. वकिलांना द्यायचेत."

वहिनी तेव्हा दीड वर्ष माहेरी होती. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेट कोर्टाने तिला संरक्षण आदेश दिला होता. म्हणजे दादाने तिला मारायचं नाही, वाटेत गाठायचं नाही, फोन करायचा नाही. आणि आता दादाला कुटुंब न्यायालयात मुलीचा ताबा मागायचा होता. ताबा नाही तर निदान एकाआड एक शनिवार-रविवार. मुलगी सहा वर्षांची.

मी चाळीसेक ओळींची पायथॉन स्क्रिप्ट लिहिली. मुलीचं नाव, तिचं लाडाचं नाव, 'पोरगी', शाळा, फी, ताप, डॉक्टर, डबा, वाढदिवस यातला एखादा शब्द ज्या मेसेजमध्ये असेल तो ठेवायचा. नसेल तर 'कंटिन्यू', म्हणजे सोडून पुढे चला. अर्ध्या तासात सुबक पीडीएफ तयार झाली. त्या पीडीएफमधला बाप इतका चांगला होता की वाचताना माझाच घसा दाटून आला.

दोन महिन्यांनी दादाने आणखी एक गोष्ट मागितली. मी त्याच्याबद्दल प्रतिज्ञापत्र द्यावं : मी याला लहानपणापासून ओळखतो, मुलीशी हा प्रेमाने वागतो, वगैरे. सोमवारी वकिलांकडे जायचं होतं. शनिवारी रात्री फ्लॅटवर एकटाच होतो, म्हणून एक फ्रेंच सिनेमा लावला. लावताना तो या विषयावर आहे एवढंच ठाऊक होतं. हा लेख त्या सिनेमाबद्दल आहे. कथेतलं सगळं पुढे येतं, शेवटही येतो. सिनेमा आधी पाहायचा असेल तर इथेच थांबा आणि नंतर परत या.

पहिली पंधरा-वीस मिनिटं

झाव्हिए लग्राँ या दिग्दर्शकाचा 'झुस्का ला गार्द' हा २०१७चा सिनेमा. इंग्रजीत तो 'कस्टडी' नावाने आला. व्हेनिसच्या महोत्सवात लग्राँला दिग्दर्शनासाठी रौप्य सिंह मिळाला. २०१९मध्ये फ्रान्सच्या सेझार पुरस्कारांत हा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि आईचं काम करणाऱ्या लेआ द्रुकेरला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा सेझार मिळाला. पण पुरस्कारांपेक्षा त्याची सुरुवात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सुरुवातीला एक साधी खोली आहे. टेबलामागे कुटुंब न्यायाधीश बाई, समोर नवरा, बायको आणि दोघांचे वकील. लाकडी कठडे नाहीत, हातोडा नाही, 'ऑर्डर ऑर्डर' नाही. आपल्याकडे कुटुंब न्यायालयात जे एकदा तरी जाऊन आलेत त्यांना ही खोली ओळखीची वाटेल. न्यायाधीश बाई मुलाचा जबाब वाचून दाखवतात. ज्युलियाँ अकरा-बारा वर्षांचा आहे. त्याला वडिलांना भेटायचं नाही. जबाबात तो त्यांना 'बाबा' म्हणतसुद्धा नाही. बाई हे सगळं एका सुरात वाचतात, वीजबिलावरच्या सूचना वाचाव्यात तसं.

मग वकील बोलतात. बापाच्या बाजूने सहकाऱ्यांची पत्रं आहेत : माणूस चांगला आहे, कामात चोख आहे. आईच्या बाजूने भीती आहे, पण भीतीला जोडायला कागद कमी आहेत. आई मिरियाम फारशी बोलत नाही. तिचा चेहरा बंद दारासारखा आहे. बाप आंत्वान, म्हणजे दनी मेनोशे हा धिप्पाड नट, खांदे पाडून बसलाय. मुलांपासून तोडलेला, थकलेला माणूस दिसतो तो. बाईंना कळेना होतं की या दोघांपैकी खोटं जास्त कोण बोलतंय.

मलाही कळेना झालं. खरं सांगायचं तर मी आंत्वानच्या बाजूला झुकलो. बाई इतकी गप्प का? मुलाचं पत्र जरा पढवल्यासारखं वाटतंय, नाही का? बापाला निदान शनिवार-रविवार तरी द्यायला काय हरकत आहे? असं सगळं माझ्या डोक्यात आलं. न्यायाधीश बाईंनीही शेवटी तेच दिलं : एकाआड एक शनिवार-रविवार.

लग्राँने हे मुद्दाम घडवून आणलं आहे. या सिनेमाआधी, २०१३मध्ये, त्याने याच कुटुंबावर अर्ध्या तासाचा लघुपट केला होता. त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं. द्रुकेर आणि मेनोशे त्यातही आहेत. सुपरमार्केटमध्ये काम करणारी मिरियाम मुलांना घेऊन पळून जायच्या बेतात आहे आणि नवरा तिथेच येऊन थडकतो, अशी ती गोष्ट. तो लघुपट ज्याने पाहिलाय त्याला कोर्टाच्या खोलीत काडीची शंका येत नाही. ज्याने पाहिला नाही तो न्यायाधीश बाईंच्या खुर्चीत बसतो. आंत्वान तोच, मिरियाम तीच. फरक पडतो तो आपल्याला आधीचं ठाऊक आहे की नाही, याने.

आपण बापाच्या बाजूने का झुकतो

आपण झुकतो त्याचं एक कारण सिनेमातच आहे, पण दुसऱ्याच सिनेमांत. ताब्याच्या खटल्यावरचा जगातला सगळ्यात लाडका सिनेमा म्हणजे १९७९चा 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर'. आपल्याकडे त्याच्यावरून 'अकेले हम अकेले तुम' आला, १९९५मध्ये. या दोन्हींत बाप आधी बेफिकीर असतो. मग एकट्याने मूल वाढवता वाढवता माणूस होतो, आणि अशा वेळी कोर्ट मध्ये येतं. त्यामुळे 'मुलासाठी कोर्टात उभा राहिलेला बाप' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर त्यागाचीच मूर्ती येते. लग्राँने आपल्यावर 'क्रेमर'चा प्रभाव असल्याचं सांगितलं आहे. तो आपल्याला 'क्रेमर'च्या खोलीत नेऊन बसवतो आणि मग त्या खोलीचं दार बाहेरून कुठे उघडतं ते दाखवतो.

दुसरं कारण घरातलं आहे. "नवरा म्हणून चुकला असेल, पण बाप म्हणून सोन्यासारखा आहे." हे वाक्य तुम्ही एकदा तरी ऐकलं असेल. आमच्या आत्याने ते इतक्या वेळा म्हटलं की मला पाठ झालं. ऐकायला किती समतोल वाटतं! दोन कप्पे करायचे : बायकोच्या कप्प्यात मारहाण, मुलीच्या कप्प्यात प्रेम. कोर्टाने दुसरा कप्पा तेवढा उघडून बघावा.

माझी स्क्रिप्ट नेमकं हेच करत होती.

गाडीतला पट्टा

निकालानंतरचा सिनेमा या दोन कप्प्यांची भिंत हळूहळू पाडतो. त्यासाठी त्याला भांडणं किंवा भाषणं लागत नाहीत. पार्श्वसंगीतही नाही. गाडीचा हॉर्न, पट्टा लावला नाही म्हणून टुकटुक करणारा गाडीचा इशारा, फोनची रिंग, दाराची बेल एवढेच आवाज आहेत. पुढे पुढे त्या टुकटुकीने माझ्या पोटात गोळा यायला लागला.

आंत्वान मुलाला न्यायला आजी-आजोबांच्या घरी येतो. ज्युलियाँ गाडीत बसतो. पहिल्याच भेटीत बापाचे प्रश्न सुरू होतात, आणि त्या प्रश्नांकडे नीट पाहिलं पाहिजे. आईचा नवीन नंबर काय? ती आहे कुठे? राहता कुठे? तो मुलाला भेटायला आलाय, पण विचारतोय सगळं आईबद्दल. मुलगा खोटं बोलतो. जमेल तितकं, जमेल तितका वेळ. मग बाप त्याच्या दप्तरातून शाळेची वही काढतो, जिच्यात पालकांचा नंबर लिहिलेला असतो. नंबर मिळतो. नंतर पत्ता. मुलगा त्याला भलत्याच इमारतीपाशी नेतो आणि पळ काढतो, तरी शेवटी त्याला खरं घर दाखवावं लागतं. आंत्वान त्या घरात शिरतो, मिरियामच्या गळ्यात पडून रडतो आणि आपण बदललो असल्याचं सांगतो.

हा प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. मेनोशे तिथे खोटं रडत नाही. आंत्वानला त्या क्षणी खरंच वाटतंय की तो बदललाय. पण तो त्या घरापर्यंत पोचला कसा? दहा मिनिटांपूर्वी एका पोराला घाबरवून. पश्चात्तापाकडे जायचा रस्ता मुलाच्या अंगावरून काढलाय.

मला वाटतं, सिनेमाचं खरं म्हणणं हे आहे. हिंसा करणारा माणूस मुलावर प्रेम करतो की नाही, हा प्रश्न अपुरा आहे. आंत्वान ज्युलियाँवर प्रेम करत असेलही. पण त्याच्यासाठी मूल हा आईकडे जाणारा रस्ता आहे. कायद्याने बाकीचे रस्ते बंद केले की हा एक उरतो, आणि त्यावर कोर्टाचा शिक्का असतो. लेआ द्रुकेरचा तो बंद दारासारखा चेहरा आता कळतो. बाई थंड नव्हती. बोललं तर 'आकस आहे' म्हणतील आणि गप्प राहिलं तर 'काही झालंच नसेल' म्हणतील, हे तिला ठाऊक होतं.

सिनेमा संपल्यावर रात्री एक वाजता मी दादाची मूळ फाईल उघडली. पीडीएफ नाही, मूळ. त्यातली एक रात्र सांगतो. "पोरीचा ताप उतरला का?" हा मेसेज स्क्रिप्टने ठेवला होता. त्याच्या खाली, काही मिनिटांच्या अंतराने : "फोन का उचलत नाहीस." "कुठे आहेस." "कुठे आहेस." "आवाज कुणाचा येतोय." हे सगळे स्क्रिप्टने गाळले होते, कारण त्यांत पोरीचा उल्लेख नाही. मग "व्हिडिओ कॉल कर, पोरगी दाखव." हा ठेवला होता. आणि लगेच खाली : "कॅमेरा फिरव." "मागे कोण आहे." "फिरव म्हटलं ना." हे गाळलेले.

"पोरगी दाखव" हे वाक्य पीडीएफमध्ये बापाच्या मायेचं वाक्य होतं. मूळ फाईलमध्ये ते पोलिसी झडतीचं वॉरंट होतं. मी एक अक्षरही खोटं लिहिलं नव्हतं. फक्त 'कंटिन्यू' लिहिलं होतं.

'ताबा' आणि तलवारीची मूठ

सिनेमाच्या नावात एक श्लेष आहे. फ्रेंचमध्ये 'गार्द' म्हणजे मुलाचा सांभाळ, आणि तलवारीच्या मुठीजवळची आडवी पट्टीही. 'झुस्का ला गार्द' म्हणजे 'ताब्यापर्यंत', आणि 'मुठीपर्यंत'सुद्धा, म्हणजे पातं पूर्ण आत जाईपर्यंत.

मराठीत असा श्लेष नाही, पण आपले शब्दही कमी बोलके नाहीत. आपण मुलाचा 'ताबा' म्हणतो. ताबा जमिनीचा घेतात, फ्लॅटचा घेतात, बिल्डर देत नाही म्हणून भांडतात. 'सांभाळ' हा इतका चांगला शब्द हाताशी असताना बोलताना तोंडात मात्र 'ताबा'च येतो. आणि अल्पवयीन मुलाला आपली कायद्याची मराठी म्हणते 'अज्ञान'. गावाकडे ज्यांची जमीन आहे त्यांनी सातबारावर 'अ.पा.क.' पाहिलं असेल : अज्ञान पालन कर्ता. मुलाचं नाव, पुढे अ.पा.क., आणि मग आईचं किंवा बापाचं नाव.

लग्राँच्या सिनेमातला अज्ञान हा एकमेव माणूस आहे ज्याला सगळं ठाऊक आहे. न्यायाधीश बाईंना माहीत नाही, वकिलांना नाही, आंत्वानच्या आईवडिलांना अर्धवट माहीत आहे. प्रेक्षकालाही नाही. पण दप्तरात काय आहे आणि ते बापाच्या हाती पडलं तर काय होईल, हे ज्युलियाँला पक्कं माहीत आहे. तोमा जिओरिया या मुलाने हे काम असं केलंय की त्याचा चेहरा बघवत नाही. तो रडतो तेव्हा नाही, रडू आवरून खोटं बोलतो तेव्हा.

आपला कायदा मुलाला अज्ञान म्हणत असला तरी इतका आंधळा नाही, हे सांगितलं पाहिजे. १८९०चा पालक आणि पाल्य कायदा अजून लागू आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे कोर्टाने मुलाचं हित बघायचं, पालक होऊ पाहणाऱ्याचा स्वभाव आणि कुवत बघायची, आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं म्हणणंही विचारात घेता येतं. १९५६चा हिंदू अज्ञान आणि पालकत्व कायदा वडिलांना नैसर्गिक पालक म्हणतो आणि त्यांच्यानंतर आईला. पण पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं, असंही म्हणतो. आणि कलम १३मध्ये मुलाचं हित सगळ्याच्या वर ठेवतो. २००५च्या घरगुती हिंसाचार कायद्याचं कलम २१ तर सरळ याच विषयावर आहे. मॅजिस्ट्रेट मुलाचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीकडे देऊ शकतो, आणि बापाच्या भेटीने मुलाच्या हिताला बाधा येईल असं वाटलं तर त्याने ती भेट नाकारायची आहे. दादाचा मुख्य मुद्दा होता टू बीएचके, पगार आणि चांगली शाळा. पण मुलाचं हित नुसत्या पैशाने आणि सुखसोयींनी मोजायचं नसतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये एका ताब्याच्या प्रकरणात स्पष्ट म्हटलेलं आहे.

म्हणजे नियम आहेत. अडतं ते नियमाच्या आधी, कोर्टापुढे काय पोचतं तिथे. आणि पोचवणाऱ्यांमध्ये माझ्यासारखे लोक असतात : चॅट लावून देणारे, पत्रं लिहिणारे, 'मी याला लहानपणापासून ओळखतो' म्हणणारे.

माझ्या दोन तक्रारी

आता सिनेमावर टीका, कारण नुसतं कौतुक करायला मी बसलेलो नाही.

शेवटच्या भागात लग्राँ थ्रिलरकडे वळतो. मुलीचा वाढदिवस, गाणं-बजावणं, बाहेर आंत्वान. मग रात्री बिल्डिंगची बेल वाजायला लागते आणि थांबतच नाही. आंत्वान बंदूक घेऊन आलाय. तो दारावर गोळी झाडतो. मिरियाम आणि ज्युलियाँ बाथटबमध्ये एकमेकांना धरून पडलेत, फोनवर पोलीस धीर देताहेत. समोरच्या फ्लॅटमधल्या म्हातारीने आधीच पोलिसांना कळवलंय, म्हणून ते दोघं वाचतात. तंत्र म्हणून हा भाग जबरदस्त आहे. मी श्वास रोखून पाहिला.

पण तो संपल्यावर मला हायसं वाटलं, आणि तिथेच माझी तक्रार आहे. हायसं वाटलं ते दोघं वाचले म्हणून, आणि प्रश्न सुटला म्हणूनही. पहिल्या खोलीतलं कोडं, खोटं कोण बोलतंय, याचं उत्तर बंदुकीने दिलं. आता शंका घ्यायचं कारण नाही. पण खऱ्या आयुष्यात बहुतेक घरांत बंदूक येत नाही. तिथे गाडीतली टुकटुक, दप्तरातली वही आणि "कॅमेरा फिरव" एवढंच वर्षानुवर्षं चालतं. असा सिनेमा बघून प्रेक्षक एक चुकीचा धडाही घेऊन जाऊ शकतो : आमचा माणूस काही तसा नाही, तो कधी बंदूक घेऊन जाणार नाही. आत्या अगदी असंच म्हणाली असती.

न्यायाधीश बाईंचा निकाल बंदुकीमुळे चुकीचा ठरत नाही. पहिल्या शनिवारी, गाडीत, एका मुलाला आईला वाचवण्यासाठी खोटं बोलावं लागलं तेव्हाच तो चुकला होता. हे लग्राँनेच आपल्याला दाखवलं. मग आपण त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही या भीतीने त्याने बंदूक आणली, असं मला वाटतं. त्याची बाजू मी समजू शकतो. मीच तर विश्वास ठेवायला सिनेमा संपून रात्रीचा एक वाजवला. तरी तक्रार कायम आहे.

दुसरी तक्रार आंत्वानबद्दल आहे. त्याच्या वडिलांच्या घरी जेवणाच्या टेबलावर भांडण होतं आणि बाप त्याला घराबाहेर काढतो. या प्रसंगात जरा कळतं की हा माणूस कुठून आला. बाकी सिनेमाला त्याच्या बदलण्याची शक्यता तपासायचीच नाही. मी आंत्वानसाठी सहानुभूती मागत नाही. पण ज्याच्या नावावर हिंसाचाराची नोंद आहे अशा माणसाने मूल मागायचंच नाही का, कधीच नाही का, हा प्रश्न खरा आहे. तो पुरुषांपुरताही नाही. मारणाऱ्या आया असतात, त्यांनाही हाच प्रश्न आहे. आणि तक्रारी खोट्याही असू शकतात, हे तुमच्यापैकी कुणीतरी आत्ता मनात म्हणालं असेल. सिनेमाची पहिली वीस मिनिटं त्या शंकेला पूर्ण जागा देतात. म्हणून तर तो प्रचारपट होत नाही.

माझ्यापुरतं उत्तर मी असं काढलं. नोंद ही भूतकाळाची असते, सांभाळ भविष्याचा असतो. त्यामुळे नोंद म्हणजे जन्मठेप नव्हे. पण 'मी बदललो' हे नोंद असलेल्या माणसाने स्वतः सांगून भागत नाही. आमच्या कामात एक साधा नियम आहे : ज्याने बग केला त्यानेच तो 'क्लोज्ड' करायचा नाही, दुसऱ्या कुणीतरी तपासायचा. इथे तपासणारा कोण? त्याचे मित्र नव्हेत, आतेभाऊ-मामेभाऊ नव्हेत. ज्यांना त्याची भीती वाटत होती ते. आणि बदलाची खूण काय? मुलाला भेटताना त्याने मुलाच्या आईबद्दल एकही प्रश्न न विचारणं. कोर्टाच्या आवारात, समुपदेशकाच्या देखत तासभर भेट मिळाली तर तो अपमान न समजता तिथे वेळेवर जाणं. मुलाला नको असेल तर 'पढवलंय' न म्हणता, का नको असेल हे स्वतःला विचारणं. आंत्वानने यातलं एकही केलं असतं तर सिनेमाला बंदुकीची गरज पडली नसती.

सोमवार

सोमवारी सकाळी मी दादाला फोन केला. प्रतिज्ञापत्र देणार नाही म्हणालो. आधी दिलेली पीडीएफ म्हणजे पूर्ण चॅट नाही, गाळून काढलेला भाग आहे, हे वकिलांना सांगायला हवं, असंही म्हणालो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे तू पण तिकडचाच." मी म्हणालो, "दादा, मी कुठलाच नाही." म्हणता म्हणताच जाणवलं की हेही खोटं आहे. 'मी कुठलाच नाही' म्हणत म्हणतच मी त्याची फाईल लावून दिली होती.

वकिलांनी पुढे काय केलं ते दादाने मला सांगितलं नाही. दिवाळीला आत्या घरी आली, फराळाचा डबा आईच्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता गेली. या लेखाने त्यात भरच पडेल. दादाबद्दल मला माया आहे. मला सायकल त्याने शिकवली, बारावीला माझ्या क्लासची अर्धी फी त्याने भरली. हे सगळं खरं आहे, आणि प्रतिज्ञापत्रात ते लिहिता आलं असतं. पण त्यातलं काहीही मुलीबद्दल नाही.

मुलीबद्दल मला शपथेवर सांगता येईल अशी एकच गोष्ट आहे. ती चार वर्षांची असताना गणपतीत आम्ही सगळे त्यांच्याकडे होतो. आरतीच्या आधी तिच्या हातून पाण्याचा तांब्या पडला. फरशीवर मोठा आवाज झाला आणि पाणी सगळीकडे पसरलं. कुणी रागावलं नाही, दादाही नाही. पण मुलीने तांब्याकडे पाहिलं नाही, पाण्याकडेही नाही. तिने आधी दादाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग वहिनीच्या, आणि मग म्हणाली, "आईने नाही सांडलं, मी सांडलं."

तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. किती शहाणी पोरगी, असं आत्या म्हणाली होती.